काळी चारचं भांडण

संघ्या,

तू गेल्यावरच्या जलदान विधीला लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलले की मला मधेच शंका आली, हे दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतायत. एक गृहस्थ माइक धरून म्हणाले, "अत्यंत शांत आणि नम्र मुलगा होता." माझ्या शेजारी गजा बसला होता. त्यानं मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. मागच्या बायांना वाटलं, रडतोय. हसत होता रे तो. मग हसता हसता खरंच रडायला लागला, आणि मला त्याला धरून विहाराच्या बाहेर न्यावं लागलं.

तू आणि नम्र! भर मे महिन्यात काळं जाकीट घालून मालेगावच्या बसस्टँडवर उभा राहणारा माणूस तू. वाशीम गाडीचा कंडक्टर म्हणाला होता, "भाऊ, कश्मीरची गाडी इथून सुटत नाई." आणि तू गॉगल न काढता म्हणालास, "मले नाई जा लागत. कश्मीरच येऊन राह्यलं माह्याकडं." सगळी गाडी हसली. घाम तुझ्या कानामागून ओघळत होता, पण तू चेन खाली घेतली नाहीस. मी शेजारी उभी होते, खांद्याला बास गिटार. मला लाज वाटत होती आणि दुसऱ्या कुठल्या गाडीत बसायचं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या.

विधीला मलाही बोलायला सांगितलं. "सुजाता मॅडम शिकलेल्या आहेत, त्या दोन शब्द बोलतील." मी उठले नाही. शिकलेली आहे, ते खरं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि ते मी कुणालाही विचारल्याशिवाय सांगते, हे तुला माहीत आहे. पण लोकांसमोर तुझ्याबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. होतं ते तुझ्याशी बोलायचं होतं. आपलं भांडण अर्धं राहिलंय.

आणि आता ते मला एकटीलाच मिटवायला लावलंय तू. कारंज्याच्या मार्केट यार्डातला आपल्या बँडचा कार्यक्रम तिथल्या लोकांनी रद्द केला नव्हता. त्यांचा फोन आला होता: "ताई, तुमच्या मनावर हाय. वाजवता त वाजवा, नाई त आमी समजून घेऊ." गिटारवाला अक्रम म्हणत होता, बंद करू, गाणारा गेला म्हणजे बँड गेला. ढोलवाला गजा म्हणत होता, पट्टी एक घर खाली घेऊ आणि सुजी गाईल. दोघंही माझ्याकडे बघत होते. हो किंवा नाही मला सांगायचं होतं. नाही म्हटलं तर तुझी गाणी आपल्या चौघांच्या मोबाइलमधल्या खरखरत्या रेकॉर्डिंगात राहणार होती. आणि हो म्हणायचं तर पट्टी उतरवावी लागणार होती, म्हणजे तू ज्याला आयुष्यभर नाही म्हणालास तेच.

पट्टी. काळी चार. पेटीवरची चौथी काळी. साधारण बाया जिथून गातात तिथून तू सुरू करायचास, आणि तिथून पुढे वर. ज्या बँडमध्ये एक ढोलकं लग्नाच्या वाजंत्रीतलं होतं आणि एक स्पीकर हलवला की बोलायचा, त्या बँडचा गायक कुठे गात होता, तर काळी चारमध्ये.

कॉलेज संपल्यावरचा तो दिवस आठव. तू रिठदच्या आमच्या घरी आलास, हातात ती लांब मानेची गिटार. माझी आई वावरातलं तण काढून, निंदनाहून आली होती, पाय धूत होती. तू तिला नमस्कार केलास आणि मला म्हणालास, "हे तुह्यासाठी."

"मले येत नाई."

"चारच तारा हायत. बी.एस्सी. झाली ना तू?"

आई म्हणाली, "बाप्पा, थिले नोकरी पाह्यजे, तंबोरा नाई." तू तिच्यासमोर ओट्यावर बसलास आणि मोबाइल काढून तिला तो व्हिडिओ दाखवलास. परदेशातलं कुठलं तरी मैदान, मुंग्यांसारखी माणसं, आणि मध्ये एक केसाळ बाप्या स्पीकरवर एक पाय ठेवून उभा. तो एक हात वर करतो आणि सगळं मैदान हात वर करतं. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं विचारलं, "हे सगळे त्याच्या गावचे हायत?"

तू म्हणालास, "नाई काकू. पन गान्यापुरते त्याच्या गावचे झाले."

आईला ते पटलं असं नाही. पण तुला चहा मिळाला. आणि मला चार तारा.

पुण्याहून आलेला तो अक्रमच्या ओळखीचा मुलगा आपल्याला समजावत होता की हे सगळं आता जुनं झालं, एवढाले ढोल, लांबलचक गिटार, मैदानभर आरडाओरडा कोणी ऐकत नाही, लॅपटॉप घ्या, खोलीत बसून करा. तू शांतपणे ऐकलंस (तेवढ्यापुरता त्या गृहस्थांचा शब्द खरा धरू) आणि म्हणालास, "तिकडं संपलं असंन, भाऊ. इकडं अजून सुरूच नाई झालं." तो मुलगा हसला. मी नाही हसले. मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाच्या डोक्यात नुसता गॉगल नाहीये.

मग आपण गजाच्या वावरातल्या, गुरांच्या पत्र्याच्या कोठ्यात तालीम सुरू केली. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर खरं वाटत नाही की आपल्या तालमीचं वेळापत्रक वीज कंपनी ठरवायची. शेतीची लाईन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसपाळी असली की आपण वाजवायचो, रात्रपाळी असली की तू घरी बसून गाणी जुळवायचास आणि मला फोनवर त्रास द्यायचास. आणि दिवसपाळीतही आपण काही मालक नव्हतो. तीच लाईन गजाच्या बाबांच्या पंपाला हवी, तीच आजूबाजूच्या सगळ्या विहिरींना. पहिल्याच दिवशी अक्रमनं, ज्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि ज्याला वाटतं की वायर म्हणजे वायर, सगळे स्पीकर पंपाच्या पेटीतूनच जोडले. तू पहिली ओळ घेतलीस. दुसऱ्या ओळीला बाहेर धुऱ्यावर, बांधावर, जो ट्रान्सफॉर्मर आहे त्या डीपीत धडाम झालं आणि सगळ्या शिवारातले पंप एकदम गप्प.

त्या शांततेत नामदेवकाका, गजाचे बाबा, हातात खोरं घेऊन दारात आले.

"हरभरा वाळून राह्यला आन् तुमी बोंबलून राह्यले! गज्या, कोन हायत बे हे?"

गजा घाबरून म्हणाला, "बाबा, बँड हाय आमचा."

"नाव काय बँडचं?"

नाव ठेवलंच नव्हतं. काकांनी आपल्या चौघांकडे बघितलं, मग धूर निघणाऱ्या डीपीकडे बघितलं. "डीपी ठेवा. डीपी जाळनारे म्हून वळखू येसान."

तू तिथेच त्यांच्या पाया पडलास. ते चिडून मागे सरकले, पण नाव राहिलं. पुढचा अख्खा आठवडा तू आणि गजा त्या शिवारातल्या शेतकऱ्यांच्या शिव्या खात होतात आणि तू प्रत्येकाला सांगत होतास, "काका, नाव ध्यानात ठेवा, डीपी." शिव्या देणाऱ्याला कार्यक्रमाचं आमंत्रण देणारा मी दुसरा माणूस पाहिला नाही.

आणि त्यातूनच ते गाणं आलं. लाईन परत आली तेव्हा शिवारात या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं ओरडली, पोरं ओरडली, कुणाची तरी आजी ओरडली, लाईन आली! तू कोठ्याच्या दारात उभा राहून ऐकत होतास. म्हणालास, "सुजे, हे पाह्य. लोकायले गानं पाठच हाय. फक्त वाजवाचं बाकी हाय."

*लाईन आली रे, लाईन आली, झोपल्या वावरा, लाईन आली.*

शब्द एवढेसे. पण त्या "आली"वर तू जिथे जायचास तिथे मी तुझ्यासोबत कधी आले नाही, फक्त खाली उभी राहून धरून ठेवायचे. बासचं कामच ते. तू उडायचास म्हणून लोक बघायचे, आणि मी जागची हलायचे नाही म्हणून तू उडू शकायचास. हे मी तुला एकदा बोलून दाखवलं तर तू म्हणालास, "म्हंजे म्या पतंग आन् तू खुटा." त्यावर मी तुझ्याशी दिवसभर बोलले नव्हते. आज ते बरोबर वाटतं.

भांडण कधी सुरू झालं ते मला नीट आठवतं. रिठदला जयंतीच्या कार्यक्रमात गायन पार्टी झाल्यावर आपल्याला जागा दिली होती. म्हातारे लोक पुढे सतरंजीवर बसले होते. तू ट्रॉलीवर चढलास, जाकीट, गॉगल, सगळं. पहिल्या अभिवादनाच्या गाण्याला तू पेटीवाल्या काकांनाच साथीला बोलावलंस, ते मला फार आवडलं. मग आपलं सुरू केलंस. संपल्यावर ते पेटीवाले काका तुला म्हणाले, "पोरा, आवाज लय हाय. पन एवढ्या वरून काहून गातं? घाईत हायस का?" माझे बाबाही आले होते. ते घोळक्यात लोकांना सांगत होते, "थे गिटारवाली, माही पोरगी." आयुष्यात त्यांनी मला कौतुकाचा शब्द म्हणून जो काही दिला तो तो. तो तुझ्यामुळे मिळाला. मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

पण पुढचे चार दिवस तुझा आवाज बसला होता. खाणाखुणांनी बोलायचास. ज्येष्ठमध चघळायचास. मी म्हटलं, पट्टी उतरव. काळी चारची काळी तीन कर. एक घर फक्त. कुणाला कळणारही नाही.

तू मानेनंच नाही म्हणालास.

आवाज आल्यावर पहिलं वाक्य तेच बोललास. "पट्टी उतरवतो, मंग जाकीट बी उतरवतो, गॉगल बी उतरवतो, आन् बोरू घेऊन शाळेत बसतो तुह्यासंगं."

"चेष्टा नको करू. लोकांना सोबत गाता येत नाही तुझ्या. ते तोंड उघडतात आणि तिथं पोचत नाहीत."

"लोकायनं पोचावं म्हून थोडी गातो म्या. लोकायनं मान वर करावी म्हून गातो."

"गाणं लोकांच्या तोंडात बसलं पाहिजे."

"तोंडात पान बसवते लोक. गानं डोक्यावरून गेलं पाह्यजे, जसं इमान जाते. पोट्टे इमानाच्या मांगं पयतेत का नाई?"

मी बी.एस्सी., क्लासला गणित शिकवते, पुरावा मागायची सवय. तुझ्याकडे पुरावा नव्हता, विमान होतं. आपण दोन वर्षं यावर भांडलो. बसमध्ये भांडलो, कोठ्यात भांडलो, मालेगावच्या अक्रमच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर भांडलो. एक गिऱ्हाईक त्याचा मोबाइल घ्यायला आलेला, तो म्हणाला, "ताईचं बरोबर हाय," आणि तू त्याला म्हणालास, "तुमी बॅटरी बदला, भाऊ."

आणि मग मालेगावच्या बाजाराच्या मैदानातला तो संध्याकाळचा कार्यक्रम. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज. अक्रमची गिटार रंगात आली आणि लाईन गेली. सगळं मेलं. स्पीकर मेले, दिवे मेले, माझ्या हाताखाली चार तारा नुसत्या टिकटिक करायला लागल्या. लोक हसायला लागले, कोणी शिट्ट्या मारल्या. तू माइक खाली टाकलास, स्पीकरवर चढलास आणि नुसत्या गळ्यानं घेतलंस. काळी चारमध्ये. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जो भेळवाला होता, त्यानं नंतर मला सांगितलं की त्याला शब्द न् शब्द कळला. लोक गप्प झाले. गजानं तेवढा ढोल धरला. तू "आली"वर चढलास आणि थांबलास तिथे, आणि मी बघत होते तुझ्या मानेची शीर, आणि मनात म्हणत होते, उतर आता, उतर रे.

आणि लाईन आली.

असं होत नाही. मला माहीत आहे असं होत नाही. पण आपल्यादेखत झालं, आणि त्या मैदानानं जो आवाज केला तो मी परत कधी ऐकणार नाही. लोक ट्रॉलीवर चढले. नामदेवकाका, ज्यांनी आयुष्यात आपल्याला शिव्यांशिवाय काही दिलं नव्हतं, त्यांनी टोपी हवेत उडवली. तू खाली उतरलास, घामानं निथळत, माझ्या कानाशी आलास. मला वाटलं काही तरी मोठं बोलणार. तू म्हणालास, "मॅडम, काळी तीनमधी आली असती का लाईन?"

लोक मला विचारायचे, तुमच्या दोघांचं काय चाललंय? मी म्हणायचे, बँड चाललाय. तुझ्या जाण्यानंतर तर बाया वेगळ्याच नजरेनं हात धरतात, विधवेचा धरावा तसा. मी सरळ माणूस आहे, सरळच लिहिते. तुझ्याशी लग्न करायचं माझ्या मनात नव्हतं. तुझ्यासारख्याशी घर चालवणं म्हणजे रोज डीपी जळणार. पण तुझ्या डाव्या हाताला उभं राहायचं होतं, म्हातारी होईपर्यंत. याला काय म्हणतात मला माहीत नाही. मराठीत शब्द असेल तर माझ्यापर्यंत पोचलेला नाही. एवढं कळतं की आता रस्त्यानं चालताना माझी उजवी बाजू उघडी पडल्यासारखी वाटते, आणि मी ओढणी त्या खांद्यावर घेते.

शेवटचं भांडण तुझ्या तापाच्या आधीच्या दिवसपाळीतलं. मी आणि अक्रमनं तू यायच्या आधी सगळ्या तारा एक घर ढिल्या केल्या. तुला न सांगता. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. माझा हेतू असा की तू गाशील, गळा दुखणार नाही, आणि मग सांगू. तू आलास, जाकीट खिळ्याला लावलंस, गजानं ताल दिला. तू तोंड उघडलंस आणि अर्ध्या ओळीत थांबलास.

"कोनं उतरवलं?"

अक्रम गिटारच्या खुंट्या पुसायला लागला.

"हे गानं कोनाचं हाय? माहं त नाई."

मी म्हटलं, "एकदा म्हणून तर बघ."

"सुजे, तुले समजत नाई, म्या दुसरीकून म्हनूच शकत नाई."

"काहून पण? कारण सांग."

तू कारण सांगितलं नाहीस. धुऱ्यावर जाऊन पाठ करून बसलास. अक्रमनं तारा परत चढवल्या. बऱ्याच वेळानं आलास, जाकीट घेतलंस आणि म्हणालास, "पुढच्या दिवसपाळीले बोलू." तुझा आवाज रागाचा नव्हता. सांगायचं होतं तुला काही. मला आता तसं वाटतं, की आता तसं वाटून घेते, कोण जाणे. पुढची दिवसपाळी आली तेव्हा तू अकोल्याला काचेच्या दारामागे होतास, नळ्या लावलेला, आणि मी बाहेर उभी. मी डॉक्टरांना विचारलं, गळ्याचा काही संबंध आहे का, फार वरून गायचा तो. ते म्हणाले, अजिबात नाही, ताप डोक्यात गेलाय. मला बरं वाटलं आणि मग त्या बरं वाटण्याचा राग आला.

आता काल काय झालं ते सांगते.

दिवसपाळी होती. आम्ही तिघं कोठ्यात जमलो होतो, कारंज्याला काय कळवायचं ते ठरवायला. कोणीही वाद्याला हात लावला नव्हता. अक्रम वायर गुंडाळायचा आणि सोडायचा. तेवढ्यात तुझी आई आली. पंचफुलामावशी, डोक्यावर पदर, शेजारच्या वावरातून निंदन अर्धं सोडून, हाताला माती तशीच.

"वाजवून नाई राह्यले?"

गजा म्हणाला, "मावशी, कसं वाजवाव?"

"मंग कायले आले इथं? बसाले? बसाले घर हाय न."

ती दारातल्या पोत्यावर बसली. म्हणाली, मी पूर्ण कधी ऐकलं नाही, लांबून ऐकलं नुसतं. अक्रमनं मोबाइलवर मालेगावचं रेकॉर्डिंग लावलं. तू सुरू झालास. आम्ही तिघांनी तीन दिशांना बघितलं. आणि संघ्या, मावशी तुझ्यासोबत म्हणायला लागली. हळू, तोंडातल्या तोंडात, जशी वावरात ओळीनं निंदताना म्हणते तशी. तू आणि ती एकाच जागी. "आली"वर तू शीर ताणून जिथे पोचायचास तिथे ती बसल्या बसल्या गेली, पदर सावरत.

मी विचारलं, "मावशी, हे तुम्ही त्याच्याकडून ऐकलं?"

"बोल थ्याचे, चाल माही निंदनाची. माह्याकडूनच त शिकला थो. लहानगा व्हता तवापासून धुऱ्यावर बसे, म्या निंदाव आन् गाव, थो मांगं मांगं म्हने. माह्याच आवाजात. मंग मिशा आल्या, आवाज फुटला, तरी थ्याच आवाजात. म्या म्हनलं, बाप्पा, आता तुहं तुह्या गळ्यात म्हन, हा बाईमानसाचा आवाज हाय. आयके का?" ती हसली. "म्हने, माय, खालतून म्हनलं की तू दिसत नाई मले."

गजा उठून बाहेर गेला.

म्हणजे हे होतं. एवढ्या विमानाच्या आणि मान वर करण्याच्या गोष्टी केल्यास, आणि खाली हे होतं. स्पीकरवर पाय ठेवून, गॉगल लावून, हजार लोकांसमोर तू तुझ्या आईच्या मागे मागे म्हणत होतास. मला का नाही सांगितलंस? मी हसले असते का? हसले असते, पहिल्यांदा. मग पुन्हा कधी पट्टीचं नाव काढलं नसतं. तुला तेच नको होतं का? की मी भांडणं सोडावं हे तुलाही नको होतं? एवढंच सांग, बाकी काही विचारत नाही.

मावशीनं डोळे पुसले, मातीच्या हातानंच, गालाला माती लागली. "आता कोन म्हननार हाय हे?"

गजा दारातून म्हणाला, "मावशी, तुमीच चला कारंज्याले."

"माह्या गुडघ्यायले इचार." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "तू म्हन वं."

"मावशी, माझा आवाज जाड आहे. तिथं जात नाही."

"मंग जिथं जाते तिथं म्हन."

एवढं साधं होतं तिला. तिचा हक्क होता पट्टीवर, आणि तिनं तो असा सोडला, जसं कुणाला पाणी द्यावं. अक्रमनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं तारा एक घर ढिल्या केल्या, या वेळी सगळ्यांसमोर, एकेक करून, आणि प्रत्येक तार उतरताना मला वाटत होतं की आता तू दारातून ओरडशील.

मी माझ्या जागेवरच उभी राहिले, गिटार गळ्यात. गजानं ताल दिला. पहिली ओळ कोरडी गेली. दुसरीला आवाज सापडला. "आली"वर गेले तेव्हा ते तुझ्याइतकं वर नव्हतं, पण भरलेलं होतं. पत्रे थरथरले. नामदेवकाका पंप सोडून आले होते, तेही म्हणायला लागले, मग त्यांच्यामागचा एक गडी. पोचत होते रे ते. सगळे पोचत होते. मी दोन वर्षं जे सांगत होते ते सगळं खरं निघालं. गळा दुखला नाही, श्वास पुरला, गाणं लोकांच्या तोंडात बसलं. कारंज्याला हो कळवलंय.

गाणं संपलं तेव्हा मी थांबून राहिले. मला वाटलं, आता कोणी तरी म्हणेल. हे गाणं आपलं नाही, कोणी उतरवलं, चढवा तारा पुन्हा. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

गजा म्हणाला, "मस्त झालं."

अक्रमनं मान हलवली. मावशी पदर खोचून निंदनाला निघाली.

कोणीच भांडलं नाही.